किल्ल्याच्या बागेतले पोहे

काकूचा फोन आला, "रविवारी किल्ला बघायला जाऊ, तू शनिवारीच मुक्कामाला ये, आणि येताना व्यवस्थित कपडे आण," आणि मी कपाटाच्या वरच्या फळीवरून माझे ट्रेकिंगचे बूट खाली काढले. पुण्यात वाढलेल्या माणसाला किल्ला म्हटलं की दुसरं काही सुचत नाही. किल्ला म्हणजे चढ, घसारा, गुडघ्याला खरचटणं आणि वर पोचल्यावर टाक्यातलं गार पाणी. व्यवस्थित कपडे म्हणजे अर्थातच पूर्ण बाह्यांचा टीशर्ट आणि काट्याकुट्यात न फाटणारी पँट. इंग्लंडात बेसिंगस्टोकला येऊन मला दीडेक वर्ष झालं होतं आणि त्या दीड वर्षात सपाट ऑफिस, सपाट कार पार्क आणि सपाट रस्ते यांखेरीज माझ्या पायांनी काही पाहिलं नव्हतं. दोन हजार सहा सालचा जून होता, उजेड रात्री उशिरापर्यंत टिकायचा, आणि चढायला मिळणार म्हणून मी आठवडाभर मनातल्या मनात खूश होते.

काकू म्हणजे माझी सगळ्यांत धाकटी काकू. लग्न झाल्या झाल्या लंडनमधल्या हाउन्सलोला आली ती तिथलीच झाली. काका एअरपोर्टजवळच्या एका गोदामात, आणि ती हाय स्ट्रीटवरच्या एका मोठ्या दुकानात टिलवर, म्हणजे गल्ल्यावर. त्यांना मूलबाळ नव्हतं. माझं लग्न पुण्यात झालं आणि वर्ष पुरं व्हायच्या आत मोडलं, तेव्हा सगळ्या घरादारात एकटी काकू सरळ बोलली होती. माझ्या लग्नात कुणी कुणावर हात उगारला नाही, कुणी पळून गेलं नाही. आम्हा दोघांचं जमलं नाही, इतकंच. पण एवढं कारण आमच्याकडे कुणाला पुरत नाही. घटस्फोटाचा कागद हातात आल्यावर आई देवाला जायची बंद झाली, आणि वडिलांनी संध्याकाळी फिरायला जायची वेळ बदलली, म्हणजे रोजचे लोक भेटायला नकोत. आत्या यायची ती आजाऱ्याला बघायला आल्यासारखी हळू आवाजात बोलायची. अशात काकूने फोन करून माझ्या वडिलांना सुनावलं, "भावजी, तिला इकडे पाठवा. तिने काही चोरी केलेली नाही." मी ऑफिसात मागे लागून इथलं ऑनसाइट काम मिळवलं आणि वर्क परमिटवर निघून आले.

काकूच्या घरी माझी एक छोटी खोली होती, माझ्या सपाता होत्या, आणि एक मोठी गोष्ट होती. तिथे मी माझ्या लग्नाबद्दल मोठ्याने बोलू शकत असे. सासरी पहिल्या दिवशी उखाणा विसरले तो किस्सा मी त्यांना कितीदा सांगितला असेल, आणि काकू दर वेळी पदराने डोळे पुसत हसायची. ज्या गोष्टीबद्दल पुण्यात दार लावून बोलत, तिच्यावर हाउन्सलोच्या स्वयंपाकघरात कांदा चिरता चिरता बोलणं व्हायचं. मी जगात कुठेतरी लपवण्याची वस्तू नाही, हे मला त्या स्वयंपाकघरामुळे पटलं होतं.

रविवारी सकाळी मी बूट घालून जिन्यावरून खाली आले तर काकू पोहे परतत होती. माझ्याकडे बघून तिचा झारा हवेत थांबला.

"हे काय घातलंयस?"

"किल्ल्यावर जायचंय ना?"

"अगं, तो काय सिंहगड आहे? फुलं बघायला जायचंय. कॅसलच्या गार्डन्स आहेत, रोझेस आहेत. कार पार्कपासून चार पावलं चाललं की झालं."

"मग तसं सांगायचं ना. किल्ला किल्ला काय करत होतीस?"

"कॅसलला मराठीत काय म्हणतात?" ती म्हणाली आणि तिने गॅस बंद केला.

मग तिने आपला मोरपंखी पंजाबी ड्रेस आणला. त्यात माझ्यासारख्या दोघी मावल्या असत्या. मी नाही म्हटलं. ती जरा जास्तच आग्रह करत राहिली, स्टॅनमोरच्या वहिनी येणार आहेत, त्यांचा मुलगा येणार आहे, लोकांसमोर काय असं जायचं, वगैरे. शेवटी आमचा समझोता झाला तो तिच्या मोत्यांच्या कुड्यांवर. राखाडी टीशर्ट, खिशाखिशांची पँट, घोट्यापर्यंतचे बूट आणि कानात मोती, अशा अवतारात मी गाडीत बसले. काकाने आरशातून माझ्या कानातल्या मोत्यांकडे बघितलं आणि गाडी चालू केली.

खरं म्हणजे मला तेव्हाच कळायला हवं होतं. आम्हा लोकांत सहलीला कुणी पोहे नेत नाही. सहलीला पराठे नेतात, सँडविच नेतात, इडल्या नेतात. पोहे गार झाले की दगड होतात, हे काकू स्वतः सांगायची. त्या दिवशी तिने ते गरम राहतील अशा मोठ्या डब्यात भरले होते, खोबरं-कोथिंबीर वेगळी घेतली होती, लिंबं चिरून घेतली होती. मी विचारलंसुद्धा, पोहे कशाला? ती म्हणाली, "वहिनींना आवडतात." मी पुढे विचार केला नाही. पोह्यांवरून विचार करायचे दिवस माझ्या मते केव्हाच संपले होते.

केंटमधला तो किल्ला खरोखरच सपाटीवर होता. भोवती पाणी, पाण्यात बदकं, आणि हिरवळ अशी की पाऊल ठेवायला संकोच वाटावा. ज्या तटावरून एके काळी खालच्या लोकांवर काहीबाही ओतलं असेल, त्या तटावरून आता पांढरे गुलाब उतरले होते. बुरुजात चहाचं दुकान होतं. तोफा असतील तिथे लव्हेंडरच्या कुंड्या होत्या. माझ्या आजूबाजूला पांढऱ्या कपड्यांतली म्हातारी जोडपी, बाबागाड्या, टोप्या, आणि त्यांच्यामधून मी माझे बूट खाड खाड वाजवत चालले होते. दोन-तीन जणांनी पायांकडे बघून नजर सभ्यपणे दुसरीकडे वळवली. मला पहिल्यांदा लाज वाटली ती तिथे. बुटांची लाज ती, साधी, विनोदी. घरी गेल्यावर सांगायला किस्सा झाला, असं म्हणून मी ती झटकून टाकली.

स्टॅनमोरच्या वहिनी फाटकापाशीच उभ्या होत्या. काकूची ही मैत्रीण इथल्या महाराष्ट्र मंडळातली. साठीच्या, नीट बांधलेला अंबाडा, फिकट साडीवर क्रीम रंगाचं कार्डिगन. त्यांचा मुलगा इथेच जन्मलेला, बत्तीस-तेहतीसचा, अकाउंटंट, उंच आणि लाजाळू. यजमानांचे गुडघे दुखतात म्हणून ते आले नव्हते. मी त्यांना मावशी म्हणाले आणि वाकून नमस्कार केला, आणि काकूचा चेहरा एकदम उजळला.

बागेत शिरल्यावर पाचच मिनिटांत काकू म्हणाली, "तू वहिनींबरोबर गुलाब बघ, आम्ही बसायला जागा बघतो." काका, काकू आणि तो मुलगा डबे घेऊन निघून गेले. मला मावशी आवडल्या होत्या. त्या प्रत्येक गुलाबापाशी थांबत, पाटी वाचत, आणि आपल्या स्टॅनमोरच्या बागेत हा आहे की नाही ते सांगत. विटांच्या भिंतीला टेकून जांभळी, निळी, उंच फुलं दाटीने उभी होती, मधमाश्या आत-बाहेर करत होत्या. मावशी मला सहज म्हणावेत असे प्रश्न विचारत होत्या. ऑफिस कुठे? राहतेस एकटीच? स्वयंपाक करतेस? इथेच राहायचा विचार आहे का परत जाणार? मी मोकळेपणाने सगळ्याची उत्तरं दिली. भात करपवते हेही सांगितलं. काकूची मैत्रीण, म्हणजे काकूच्या स्वयंपाकघराचाच एखादा भाग असावा तशा त्या मला वाटत होत्या.

त्या किल्ल्यात लग्नंही लागत. आम्ही कारंज्यापाशी आलो तर एक नवरी हिरवळीवरून येत होती. वारा होता. तिचा पांढरा घोळ फुलांच्या वाफ्यात जाऊ नये म्हणून दोघी मैत्रिणी तो उचलून तिच्यामागे पळत होत्या, आणि फोटोग्राफर उलटा चालत होता.

"किती गोड दिसतेय नाही?" मावशी म्हणाल्या.

"हो. पण दमली असणार बिचारी," मी म्हणाले. "माझ्या लग्नात शालूचं मला इतकं ओझं झालं होतं, की सप्तपदीला मी चौथ्या पावलावरच बसले. भटजी म्हणाले, अहो, अजून तीन आहेत."

मावशी हसल्या नाहीत. "तुझ्या लग्नात?" त्यांनी विचारलं.

"हो. काकूने सांगितलं नाही तुम्हाला?" मी अजूनही त्या नवरीकडेच बघत होते. "वर्षभरसुद्धा टिकलं नाही ते. आता सगळं आटोपलं. मी मोकळी झाले."

"अच्छा," मावशी म्हणाल्या. नवरी आमच्यासमोरून गेली. मावशींनी तिला हात हलवून शुभेच्छा दिल्या, मग कार्डिगनची बटणं लावायला घेतली. सगळी लावून झाल्यावर म्हणाल्या, "चल, वाट बघत असतील."

मला वाटलं, जुन्या वळणाच्या बाईसमोर मी लग्नाची थट्टा केली ते त्यांना रुचलं नसेल. वाटेत मी त्यांना दोन गुलाब दाखवले. त्या छान म्हणाल्या, पण पाटी वाचायला थांबल्या नाहीत.

खंदकापलीकडच्या हिरवळीवर काकूने सतरंजी अंथरली होती. स्टीलचे चमचे, कागदी ताटल्या, रुमाल, सगळं मांडून तयार. आम्ही पोचताच तिने भराभर पोहे वाढले, वर खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. आणि भरलेली ताटली तिने मावशींना दिली नाही, काकाला दिली नाही, माझ्या हातात दिली.

"तू दे गं," ती म्हणाली. "आधी त्याला दे." मग मावशींकडे वळून, "पोहे हिनेच केलेत हो. सकाळी लवकर उठून. मी म्हटलं, मी करते, तर ऐकेना."

मी ताटली घेऊन उभी राहिले. तो मुलगा सतरंजीच्या कोपऱ्यावर पाय पोटाशी घेऊन बसला होता, त्याने अगदी शिस्तीत दोन्ही हात पुढे केले. आणि मला कळलं. पुण्यात आमच्या बैठकीच्या खोलीत मी हे एकदा केलेलं होतं, साडी नेसून, मान खाली घालून. त्या वेळी निदान मला माहीत होतं.

मला कुणी न विचारता दाखवलं जातंय याचा संताप यायला हवा होता. तो आला, पण नंतर. त्या क्षणी मला फक्त लाज वाटली, आणि तीही अशी कुठून कुठून येत होती की मला आवरेना. बुटांची लाज होती, त्या कुड्यांची होती, जे पोहे मी केले नव्हते त्यांची होती. पण सगळ्यांत जास्त लाज मला काकूची वाटली, काकूसाठी वाटली. ती माझं कौतुक करत होती, मी किती गुणी, किती मनमिळाऊ, ऑफिसात साहेबही हिला विचारूनच सगळं करतो. मावशी आपल्या ताटलीकडे बघत हं हं म्हणत होत्या. त्यांना सगळं कळलेलं होतं, मला आत्ता कळलं होतं, आणि काकूला अजून कळलं नव्हतं की खेळ दहा मिनिटांपूर्वीच संपलाय. एखादीच्या साडीचा पदर पायात अडकलाय आणि तिला सांगता येत नाही, तसं मला होत होतं. मी तिला डोळ्यांनी खुणावायचा प्रयत्न केला. तिला वाटलं, मी लाजतेय.

पोहे संपल्यावर तो मुलगा उठला. "मम म्हणाला होता, आपण वॉक करायचं," तो म्हणाला. "टेन मिनिट्स."

आम्ही पाण्याच्या कडेने निघालो. तो बराच वेळ बदकांकडे बघत चालला. मग म्हणाला, "तुझा शूज छान आहे. मी पण हायकिंग करतो. स्नोडन चढला आहे मी, दोन वेळा."

"मला माहीत नव्हतं," मी म्हणाले.

"स्नोडन?"

"हे. हे सगळं. आज कशासाठी बोलावलंय ते मला माहीत नव्हतं."

तो थांबला. त्याचे कान लाल झाले. "ओह गॉड. सॉरी. आय थॉट यू न्यू. मम म्हणाला, मुलगी रेडी आहे."

मग मी त्यालाही सांगून टाकलं. आता लपवायचं कुणापासून? माझं लग्न झालं होतं, मोडलं, त्याच्या आईला मी आत्ताच गुलाबांपाशी सांगितलंय. तो ऐकून घेऊन म्हणाला, "दॅट्स फाइन. ऑनेस्टली. माझा पण गर्लफ्रेंड होता, फोर इयर्स. ममला माहीत नाही." आणि मग घाईने, "प्लीज, काकूंना सांगू नको हं."

मी नाही सांगत म्हणाले. तो भला मुलगा होता. आपल्या आईला तो काही पटवून देईल असा नव्हता, आणि पटवून द्यावं असं मला वाटतही नव्हतं. आम्ही दोघं पाण्याच्या कडेला दिलेला वेळ संपेपर्यंत उभे राहिलो, वर्गाबाहेर काढलेल्या मुलांसारखे.

परत निघताना मी टॉयलेटला गेले. कार पार्कमध्ये आले तेव्हा काकाच्या गाडीची डिकी उघडी होती, काका आत डबे लावत होता आणि डिकीच्या झाकणापलीकडे काकू आणि मावशी बोलत होत्या. मी शेजारच्या व्हॅनच्या अलीकडे थांबले. ऐकायचं म्हणून थांबले नव्हते. त्यांच्या बोलण्यात मध्येच जाणं बरं वाटेना.

"आधी कानावर घातलं असतंत तर बरं झालं असतं," मावशी म्हणत होत्या. आवाज चढलेला नव्हता.

"सांगितलं होतं की मी," काकू म्हणाली. "फोनवर पहिल्यांदाच म्हणाले होते तुम्हाला. मुलगी आता मोकळी आहे."

मावशी म्हणाल्या, "मला वाटलं, मोकळ्या स्वभावाची आहे म्हणताय. मी यांना म्हटलंसुद्धा, आपला घुमा आहे, मुलगी मोकळी असली तर त्याला बोलतं करील."

डब्यांचा आवाज थांबला होता.

"मुलगी गोड आहे हो," मावशी म्हणाल्या. "तिने स्वतःहून सांगितलं. तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही." काकूबद्दल काय म्हणणं आहे, ते त्यांनी बोलून दाखवलं नाही. मग त्यांनी मुलाला हाक मारली आणि जाताना व्हॅनपाशी मी दिसले तेव्हा माझ्या पाठीवरून हात फिरवला.

तो शब्द मला नंतर बरेच दिवस पुरला. काकूने तो निवडून घेतला असणार. फोन हातात धरून, कुठला शब्द खोटा नाही आणि खराही नाही, याचा तिने विचार केला असणार. घटस्फोटित म्हणवलं नसेल, सोडलेली म्हणवलं नसेल. मग तिला हा सापडला. ऐकणाऱ्याला हवं ते ऐकू येईल आणि उद्या कुणी विचारलं तर मी सांगितलं होतं म्हणता येईल, असा. आणि तोच शब्द मी स्वतःच्या तोंडाने, फुशारकीने, नवरीकडे बघत वापरला होता.

गाडी एम ट्वेंटी-फाइव्ह मोटरवेला लागली. मग काकू पुढून, मागे न बघता म्हणाली, "तू कशाला बोललीस तिच्याजवळ?"

"मला माहीत नव्हतं, काकू."

"माहीत असतं तर आली असतीस का?"

"नसते आले."

"मग? म्हणूनच नाही सांगितलं." तिने नाक पुसलं. "वहिनी सुनेला मुलीसारखं ठेवणाऱ्या आहेत. घर चांगलं आहे. एकदा तुला बघितलं, आवडलीस की मग सांगणारच होते मी. आधी सांगितलं तर बघायलाच कुणी येत नाही गं."

हे ती कशावरून म्हणाली? आधी कुणाला विचारून बघितलं होतं का तिने? ते विचारायचं मला धैर्य झालं नाही. मी दुसरंच विचारलं. "मंडळात कुणाला माहीत आहे, माझं लग्न झालं होतं ते?"

काकू खिडकीबाहेर बघायला लागली. काकाच म्हणाला, "कुणालाच नाही गं."

"मग त्यांना काय माहीत आहे?"

"हेच, की तुला करिअर करायचंय," काकू म्हणाली. "लग्नाचं नाव काढू देत नाहीस म्हणून."

मला मागची दिवाळी आठवली. मंडळाच्या कार्यक्रमात एकेक बाई मला बाजूला घेऊन म्हणाली होती, अगं, मनावर घे आता, वय निघून जातं, चांगला मुलगा बघून टाक. मी घरी आल्यावर काकूला कौतुकाने सांगितलं होतं, काय पुढारलेल्या आहेत गं तुमच्या इथल्या बायका, दुसऱ्या लग्नाबद्दल किती सहज बोलतात. पुण्यात तोंडं झाकून घेतात. ते ऐकून काकू ओट्याकडे वळली होती आणि पुसलेला ओटा पुन्हा पुसत राहिली होती. तेव्हा मला त्यात काही दिसलं नव्हतं.

"मला तुझी लाज वाटते म्हणून नाही हं," काकू म्हणाली. आता ती रडत होती. "देवाशपथ नाही. पण एकाला सांगितलं की दहा जण विचारतात. का झालं, कुणाचं चुकलं, मुलीत काही होतं का. तुला काय, तू बेसिंगस्टोकला जातेस निघून. मला त्यांच्यात राहायचंय."

तिचं खोटं नव्हतं. माझ्या वडिलांनी फिरायला जायची वेळ बदलली होती, काकूला तेवढंही करता येत नव्हतं, तिला त्याच बायकांबरोबर दर सणाला पुरणपोळ्या लाटायच्या होत्या. मला तिचा राग यायचा आणि सकाळी लवकर उठून कांदा चिरणारी ती डोळ्यांपुढे आली की विरून जायचा. लाज मात्र विरली नाही. जगात एका ठिकाणी मला दार न लावता ठेवलंय असं मी समजत होते, आणि तिथेही दार लावलेलंच होतं. मी आत होते म्हणून मला ते दिसलं नव्हतं. गाडीतून उतरताना मी कुड्या काढून तिच्या हातात दिल्या आणि त्याच संध्याकाळी ट्रेनने परत गेले.

पुढचे काही रविवार मी कामाची सबब सांगितली. पण गणपतीला नाही म्हणता येईना. काकूने फोन केला तेव्हा तिचा आवाज इतका जपून जपून येत होता की मला तो ऐकवेना. मी गेले. मंडळाने दर वर्षीप्रमाणे एका शाळेचा हॉल घेतला होता. आरती झाली, पंगतीच्या ऐवजी तिथे रांग लागते, आणि टेबलामागे आम्ही वाढायला उभ्या राहिलो. मी भात वाढत होते, माझ्या शेजारी काकू वरण.

रांगेत नागपूरहून नुकतीच आलेली एक नवी मुलगी होती. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, हातातला चुडा अजून नवा. इथल्या कुणाची ओळख नाही म्हणून ती प्रत्येकीशी बोलत होती. माझ्यासमोर ताट धरून ती हसून म्हणाली, "तुम्ही पण नवीनच का? मिस्टर कुठे असतात तुमचे?"

काकूची पळी वरणाच्या पातेल्यात थांबली. ती माझ्याकडे बघत नव्हती, पातेल्यात बघत होती. तिच्या मानेवरची शीर मला दिसत होती. खरं सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. ते मी घरून ठरवूनही आले होते, कुणी विचारलं तर सांगायचं म्हणून.

"माझं लग्न नाही झालं," मी म्हणाले.

आणि तेव्हा माझं लक्ष गेलं. त्या मुलीच्या मागेच, हातात रिकामं ताट घेऊन, स्टॅनमोरच्या मावशी उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. आमची नजरानजर झाली. मी भातवाढी हातात घेऊन आता त्या काय बोलतील, कशा बघतील याची वाट बघत राहिले.

"हिला कुठली घाई?" मावशी त्या मुलीला म्हणाल्या, अगदी सहज, हसत. "हल्लीच्या मुली आधी करिअर बघतात." आणि आपलं ताट माझ्यापुढे केलं. "थोडाच वाढ हं."

मी थोडा वाढला. त्यांच्या तोंडाकडे मला बघवलं नाही. शेजारी काकूची पळी पुन्हा चालू झाली.

रात्री आवराआवर करून आम्ही गाडीत बसलो तेव्हा काकू पुढे बसली नाही, माझ्याजवळ मागे येऊन बसली. फार दिवसांनी ती खुशीत होती. गाडी हाउन्सलोच्या रस्त्याला लागल्यावर तिने माझा हात आपल्या मांडीवर घेतला आणि थोपटत राहिली.

"शहाणी आहेस गं माझी," ती म्हणाली.

मी हात काढून घेतला नाही.